तुम्ही निकाल कितव्या मिनिटाला दिलात?

आधीच सांगून ठेवते, पुढे स्पॉयलर आहेत. थोडेथोडके नाही, शेवटासकट सगळे. त्यामुळे 'क्विकसँड' बघायची राहिली असेल आणि बघायचीच असेल, तर हे पान घडी करून बाजूला ठेवा, सहा एपिसोड संपवा (एका रविवारचं काम आहे) आणि मग या. पान कुठे जात नाही. रद्दीवाला येईपर्यंत तरी नाही.

उरलेल्यांसाठी थोडी ओळख. 'क्विकसँड' ही नेटफ्लिक्सची पहिली स्वीडिश मालिका, 5 एप्रिल 2019 ला आलेली. म्हणजे तशी जुनी. पण ओटीटीवर जुनं काही होत नाही. कुणीतरी पावसाळ्यात आजारी पडतं, काय बघू म्हणून विचारतं, दुसरं कुणीतरी हे नाव सुचवतं आणि पुन्हा आठवडाभर ग्रुपवर तीच भांडणं सुरू होतात. आमच्याकडे गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं. त्या भांडणांमुळेच हा लेख लिहायला घेतला.

मालिका ज्या कादंबरीवर बेतलीय ती मालिन पेर्शोन जोलितो या लेखिकेची, 2016 सालची. बाई स्वतः वकिली केलेल्या. वडील लेफ पेर्शोन हे स्वीडनमधले नावाजलेले गुन्हेशास्त्रज्ञ आणि रहस्यकथालेखक. म्हणजे घरात जेवायच्या टेबलावरसुद्धा खुनाच्याच गप्पा होत असणार, असा माझा आपला अंदाज. पटकथा 'द ब्रिज'च्या टीममधल्या कामिला आल्ग्रेनची. कादंबरीचं मूळ स्वीडिश नाव 'स्टोर्स्ट आव आल्ट', म्हणजे 'सगळ्यात मोठं'. ख्रिस्ती लग्नांमध्ये वाचला जातो ना, प्रेमावरचा बायबलमधला उतारा, त्याची आठवण करून देणारं. इंग्रजीत त्याची 'रुतवणारी वाळू' झाली. प्रेमाची वाळू झाली म्हणा हवं तर. मला विचाराल तर दोन्ही नावं बरोबर आहेत आणि गोष्ट या दोन नावांच्या मधेच कुठेतरी घडते.

स्टॉकहोमच्या उत्तरेला युर्शोल्म नावाचं उपनगर आहे. देशातल्या सगळ्यात श्रीमंत वस्त्यांपैकी एक. तिथल्या शाळेचा वर्ग. पहिल्याच दृश्यात जमिनीवर माणसं पडलेली, रक्त, आणि मधोमध अठरा वर्षांची माया नोरबेरी जिवंत. तिचा बॉयफ्रेंड सेबास्टियन मेलाय. जिवलग मैत्रीण अमांडा मेलीय. शिक्षक गेलेत, डेनिस नावाचा मुलगा गेलाय. समीर जखमी होऊन वाचलाय. बंदूक मायाच्याही हातात होती. पोलीस तिला उचलतात आणि तिथून पुढे दोन गोष्टी समांतर चालतात: कोठडी आणि कोर्ट एकीकडे, आधीचं वर्ष-दीड वर्ष दुसरीकडे.

(जाता जाता: स्पेलिंगमध्ये 'जे' असल्यामुळे आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी तिला पहिले दोन एपिसोड 'माजा' म्हटलं, आंब्याच्या पेयासारखं. उच्चार माया. आपल्याकडचीच वाटते की नाही लगेच?)

आता माझा प्रश्न. तुम्ही तिला दोषी किंवा निर्दोष ठरवलंत ते कितव्या मिनिटाला? प्रामाणिकपणे सांगा. कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या एकानेही 'शेवटच्या एपिसोडनंतर' असं सांगितलेलं नाही. एक जण म्हणाला, "पहिल्याच सीनला कळलं, हिने काही केलं नाही, बघ ना चेहरा." दुसरी म्हणाली, "तिच्या थंडपणावरूनच कळतं की पोरगी साधी नाही." गंमत म्हणजे दोघं एकाच चेहऱ्याबद्दल बोलत होते. हाना आर्देनचा तो चेहरा, जो सहा एपिसोडमध्ये फार कमी वेळा रडतो. एका प्रेक्षकाला त्यात धक्का दिसला आणि दुसऱ्याला निर्ढावलेपण. माझ्या आईने तर एपिसोडचा अर्धा भाग स्वयंपाकघरातून येता-जाता बघून निकाल दिला, "श्रीमंतांची लाडावलेली कार्टी, दुसरं काय." फाइल बंद.

हसू नका. आपण सगळे हेच करतो. मालिकेने तर आपल्यासाठी सापळाच लावलाय. खून कुणी केले हे इथे रहस्य नाहीच. सेबास्टियनने गोळ्या झाडल्या हे जवळजवळ लगेच कळतं. प्रश्न आहे मायाचा वाटा किती? तिने त्याच्याबरोबर कट केला का? त्या दिवशी सकाळी सेबास्टियनने घरी आपल्या बापाला मारलं, त्याआधी मायाने त्याला रागाच्या भरात बापाबद्दल जे मेसेज पाठवले, ती चिथावणी होती का? शाळेत आणलेली ती बॅग तिने उचलली, तेव्हा आत काय आहे हे तिला माहीत होतं का? आणि सगळ्यात अवघड, अमांडाला लागलेली गोळी. ती मायाच्या बंदुकीतली आहे, याबद्दल वाद नाही. नेम कुणावर होता, एवढंच ठरवायचंय. आणि ते ठरवायला आपल्याकडे काय आहे? तेच, जे कोर्टाकडे आहे: मोडलेले तुकडे आणि एका घाबरलेल्या साक्षीदाराची आठवण. पण कोर्ट तीन आठवडे ऐकतं. आपण पॉपकॉर्न संपायच्या आत मोकळे.

त्या मेसेजबद्दल थोडं थांबायला हवं. आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त लोक इथेच मायाच्या विरोधात गेले. "असं कोण लिहितं?" अहो, कोण लिहीत नाही! तुमचा फोन उघडा आणि गेल्या वर्षभरात 'मरू दे त्याला', 'जीव घेईन तिचा', 'हा मेला तर बरं होईल' असं किती वेळा टाइप केलंय ते शोधा. त्याच्यापुढे हसरी इमोजी असेल कदाचित. सरकारी वकील इमोजी वाचून दाखवत नाहीत. मायाचा मेसेज इतका निरागस नव्हता, ते मान्य. तिला तो माणूस खरंच नको होता, आणि बघितल्यावर आपल्यालाही नकोसा होतो. पण रात्री अडीचला लिहिलेलं वाक्य सकाळी अकरा वाजता, कोर्टात, परक्या आवाजात वाचलं की ते वेगळंच वाक्य होतं. मालिकेतलं ते दृश्य बघताना मी माझा फोन उलटा करून ठेवला होता. उगाच.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच प्रतिक्रियेबद्दल. ही प्रतिक्रिया मी मुलांकडून ऐकली, मुलींकडून ऐकली, शिकलेल्या, वाचणाऱ्या, एरवी अगदी योग्य बाजूला उभ्या असणाऱ्यांकडून ऐकली. "सगळं ठीक आहे, पण ती त्याला सोडून का नाही गेली?"

आता गोष्ट नीट आठवा. ती गेली होती. मधे एकदा ती सेबास्टियनपासून लांब होते, समीरकडे ओढली जाते. आणि मग सेबास्टियन स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न करतो. तो वाचतो, आणि माया परत येते. याला आपण 'का नाही सोडलं' म्हणतो? अठरा वर्षांच्या मुलीला कुणीही तोंडाने सांगत नाही, पण सगळं जग न बोलता सांगतं की याचा जीव आता तुझ्या हातात आहे. तिथून पुढे तो नशा करतो, ती सांभाळते. तो चिडतो, ती समजावते. तो तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि ती गप्प राहते. बाप चारचौघांत मुलाचा पाणउतारा करतो आणि त्याचा राग मायाच्या वाट्याला येतो. या सगळ्यात मोठी माणसं कुठे असतात? तिच्या आईबाबांना एवढ्या बड्या उद्योगपतीच्या घरी मुलीची ऊठबस आहे याचं सुरुवातीला कौतुकच असतं. शाळेला दिसतं, पण एवढ्या मोठ्या घराच्या भानगडीत पडायचं कसं? सगळ्यांना वाटतं, माया आहे ना त्याच्याबरोबर. म्हणजे ज्या कामासाठी डॉक्टर, समुपदेशक, आणि वेळ पडली तर पोलीस लागतात, ते काम बारावीतल्या एका मुलीवर टाकून सगळे आपापल्या पार्टीला मोकळे.

मला हा भाग बघवला नाही. त्याचं कारण सांगते.

कॉलेजला असताना होस्टेलमध्ये आम्ही चौघी एका खोलीत होतो. त्यातल्या एकीचा बॉयफ्रेंड होता, दुसऱ्या कॉलेजचा. दिसायला बरा, बोलायला गोड, आमच्या वाढदिवसांनाही केक आणणारा. ती भांडली की तो मनगटाचे फोटो पाठवायचा. ती रात्री दोनला रिक्षा शोधत जायची. आम्ही काय करायचो? पहिल्यांदा म्हणालो, "किती प्रेम करतो गं तुझ्यावर." हो, हे आम्ही म्हणालो. मी म्हणाले. पाचव्या-सहाव्यांदा म्हणालो, "मग सोडत का नाहीस? तुलाच आवडतं वाटतं हे सगळं." त्यानंतर ती आम्हाला काही सांगायची बंद झाली. आम्हाला वाटलं, चला, मिटलं. मिटलं नव्हतं. फक्त आमच्यापर्यंत यायचं थांबलं होतं. पुढे दीड वर्ष ते तसंच चाललं, आणि ती त्यातून बाहेर पडली ती आमच्यामुळे नाही, तिच्या मावशीमुळे. मावशीने एकही प्रश्न विचारला नाही. येऊन तिचं सामान भरलं आणि तिला घरी घेऊन गेली. मुलाच्या घरच्यांना फोन करून, तुमच्या मुलाला उपचारांची गरज आहे, आजपासून त्याची जबाबदारी तुमची, एवढं सांगितलं. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी कुणीतरी मोठं माणूस लागलं.

'सोडून का नाही गेली' हा प्रश्न वाईट हेतूने विचारला जात नाही, मला माहीत आहे. आपण तिच्या जागी असतो तर गेलो असतो, असं स्वतःला पटवायचं असतं आपल्याला. म्हणजे मग तसं काही आपल्या बाबतीत होणार नाही, अशी खात्री राहते. पण प्रश्न ऐकणारीला त्यात एवढंच ऐकू येतं की चूक तुझी आहे. आणि ती गप्प होते. तुमच्या वर्गात, तुमच्या ग्रुपमध्ये, हा लेख वाचणाऱ्यांमध्ये अशी एक तरी असणार, असा असणार. होय, मुलंही. 'तू गेलीस तर मी जीव देईन' हे वाक्य मुलगेच म्हणतात असं नाही.

दुसऱ्या टोकाची प्रतिक्रियाही आहे, आणि तीही मला खटकते. सेबास्टियनचे फॅन. फेलिक्स सँडमन हा मुळात बॉयबँडमधला गायक, दिसायला देखणा, आणि कामही त्याने छान केलंय. त्यामुळे 'बिचारा सेबास्टियन', 'बापाने वाया घालवला' असं म्हणत त्याचे उदास गाण्यावरचे रील बनवणारे आहेत. बाप वाईट आहेच. त्या बापाची दृश्यं बघताना पोटात गोळा येतो. मुलगा आजारी आहे हे कुणी मान्य केलं असतं तर कदाचित काही वेगळं झालं असतं, हेही खरं. पण दुःख होतं म्हणून त्याने वर्गात जे केलं ते रोमँटिक होत नाही. त्याच्याबद्दल वाईट वाटणं आणि त्याला माफ करून टाकणं, यात फरक आहे. मालिका तो फरक बऱ्यापैकी सांभाळते. रील सांभाळत नाहीत.

आता जरा कोर्टाकडे वळू, कारण 'बोअर झालं' ही तक्रार बहुतेक सगळी कोर्टाबद्दल आहे. "कुणी ओरडतच नाही," असं आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला. खरंय. आपल्या डोक्यात कोर्ट म्हणजे हातोडा आणि टेबलावर आपटलेली मूठ. नाहीतर अमेरिकन मालिकांमधली ज्यूरी, जिच्यापुढे वकील येरझाऱ्या घालत भाषण देतो. स्वीडनमध्ये न्यायाधीश काळा झगासुद्धा घालत नाहीत. अशा खटल्यांत ज्यूरी नसते. कायदा शिकलेल्या न्यायाधीशाबरोबर सर्वसाधारणपणे तीन सामान्य नागरिक बसतात, आणि ते राजकीय पक्षांनी सुचवून स्थानिक पातळीवर निवडलेले असतात. आरोपीला शपथ देत नाहीत, साक्षीदारालाच देतात. म्हणजे आरोपीने स्वतःला वाचवायला खोटं बोललं तर त्याबद्दल वेगळी शिक्षा नाही. सगळं एखाद्या सोसायटीच्या मीटिंगसारखं लाकडी टेबलांवर, पाण्याचे ग्लास ठेवून चालतं. डेव्हिड डेन्सिकने केलेला वकील सांडर एकदाही आवाज चढवत नाही. मला तर त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली.

कोठडीचं मात्र उलट. स्वीडन म्हटलं की आपल्याला वाटतं, तुरुंगसुद्धा आपल्या होस्टेलपेक्षा बरा असेल. कोठडी स्वच्छ आहे, उजेड आहे, ब्लँकेट आहे. पण माया तिथे महिनोन्‌महिने जवळजवळ एकटी आहे. स्वीडनमध्ये जामिनाची पद्धत नाही. पुरावे बिघडू नयेत म्हणून कच्च्या कैद्याला इतरांपासून तोडता येतं, पत्रं, फोन, भेटी, अगदी बातम्यासुद्धा बंद करता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने आणि युरोपातल्या तशाच समितीने यावरून स्वीडनला वर्षानुवर्षं सुनावलंय. खटल्याआधी किती काळ असं ठेवायचं याला वरची मर्यादा आली ती थेट 2021 साली, म्हणजे ही मालिका येऊन गेल्यावर. तेव्हा मायाचा चेहरा एवढा निर्विकार का, असं विचारणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. नऊ-दहा महिने तुमच्याशी कुणी धड बोललं नाही तर तुमचा चेहरा कसा दिसेल?

ज्यूरीवरून आठवलं. आपल्याकडे नानावटी खटला झाला तो 1959 चा. नौदलातला देखणा अधिकारी, बायकोचा प्रियकर, तीन गोळ्या. मुंबईतल्या ज्यूरीने त्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, कारण 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आधीच त्याला हीरो करून टाकला होता. हायकोर्टाने तो निकाल फिरवला, आणि पुढे काही वर्षांत आपल्याकडची ज्यूरी पद्धतच मोडीत निघाली. कागदावरून गेली, एवढंच. आपल्या खिशातल्या फोनमध्ये ती रोज बसते. स्वीडनमधल्या वर्तमानपत्रांचा तरी स्वतःपुरता एक संकेत आहे की आरोपीचं नाव छापताना दहादा विचार करायचा. मालिकेत मायाच्या बाबतीत तो संकेत काही तिच्या कामी येत नाही. आणि आपल्याकडे? अटक झालेल्या मुलीचे इन्स्टावरचे जुने फोटो संध्याकाळपर्यंत टीव्हीवर असतात. आमच्या धंद्याची ही लाज आहे, आणि हे वर्तमानपत्रातच लिहितेय, तर लिहितेय.

एक प्रतिक्रिया अशी होती की आता ती वाचताना कसंसंच होतं. 2019 मध्ये अनेकांनी म्हटलं होतं, 'शाळेत गोळीबार? स्वीडनमध्ये? हे अमेरिकेची कॉपी करतायत.' तेव्हाही ते अर्धंच खरं होतं. कादंबरी येण्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर 2015 मध्ये, ट्रोलहेटान गावातल्या शाळेत एक तरुण तलवार घेऊन शिरला होता. तीन जणांचा जीव गेला, हल्लेखोर पोलिसांच्या गोळीने मेला. मार्च 2022 मध्ये माल्मोतल्या शाळेत अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दोन शिक्षिकांना मारलं. आणि 4 फेब्रुवारी 2025 ला ओरेब्रो शहरातल्या प्रौढांसाठीच्या शाळेत गोळीबार झाला, दहा माणसं गेली, अकरावा मारेकरी. स्वीडनच्या इतिहासातला सगळ्यात भीषण सामूहिक गोळीबार. त्याच्याकडे शिकारीच्या बंदुका होत्या, रीतसर परवाना असलेल्या. सेबास्टियनच्या घरातही बंदुका शिकारीच्याच. स्वीडनमध्ये शिकार हा मोठा छंद आहे, आणि बंदुकीचं कपाट ही तिथल्या कित्येक घरांत आपल्याकडच्या देवघराइतकी साधी गोष्ट. त्यामुळे 'हे आमच्याकडे होत नाही' हे वाक्य तिथल्या प्रेक्षकांनाही मागे घ्यावं लागलं. ओरेब्रोतला मारेकरी पस्तिशीचा, एकटा राहणारा होता, सेबास्टियनसारखा बंगल्यातला राजपुत्र नव्हे. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, आणि मालिकेने भविष्य वर्तवलं वगैरे मी म्हणणार नाही. एवढंच, की 'न पटणारं' म्हणून आपण जे बाजूला टाकतो ते बऱ्याचदा फक्त आपण न पाहिलेलं असतं.

आता एक नाव सांगते, बघा आठवतंय का. डेनिस.

वर एकदा लिहिलंय मी, पटकन वाचून पुढे गेला असाल. वर्गात मेलेल्यांपैकी एक. बाहेरच्या देशातून आलेला, सेबास्टियनला नशेचा माल पुरवणारा, पार्टीला बोलावला जाणारा पण टेबलावर न बसवला जाणारा. आमच्या ग्रुपवर आठवडाभरात शेकडो मेसेज पडले. माया, सेबास्टियन, समीर, वकील, एवढंच काय मायाच्या आईचे कपडे, सगळ्यांवर चर्चा झाली. डेनिसवर एकही नाही. मग मी पुन्हा जाऊन बघितलं, आणि लक्षात आलं की दोष आपला एकट्याचा नाही. मालिकाही त्याला फार लवकर विसरते. त्याचं घर कुठे होतं, त्याच्यासाठी कोण रडलं, हे दाखवायला तिच्याकडे वेळ नाही. बाकी इतक्या बारकाईने केलेल्या कामात हे मला खरंच खुपलं.

समीरचं थोडं वेगळं आहे. हुशार, स्थलांतरित घरातला, त्या श्रीमंत शाळेत लांबच्या वस्तीतून येणारा. तो वाचतो आणि मायाच्या विरोधात साक्ष देतो, अमांडाला तिने मुद्दाम मारलं असं त्याला वाटतं. प्रेक्षकांनी त्याला खलनायक केलं. "जेलस होता," "बदला घेतला." मला नाही वाटत तसं. गोळी लागून जमिनीवर पडलेल्या मुलाने जे पाहिलं ते त्याने सांगितलं. ते चुकीचं होतं, पण खोटं नव्हतं. आणि एक प्रश्न आमच्यातल्या एकाने विचारला, सगळ्यात शहाणा, त्याला त्या वेळी कुणी उत्तर दिलं नाही: मायाच्या जागी डेनिस वाचला असता आणि बंदूक त्याच्या हातात सापडली असती, तर त्याला सांडरसारखा वकील मिळाला असता का? आणि आपण त्याच्या चेहऱ्यात पहिल्या मिनिटाला काय वाचलं असतं?

पुस्तक वाचलेल्यांचा वेगळाच सूर आहे, तो थोडक्यात सांगते. कादंबरी मायाच्याच तोंडून आहे आणि पुस्तकातली माया भयंकर तिरकस आहे. आईवर, वकिलांवर, स्वतःवर ती असे शेरे मारते की हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. मालिकेत तो आतला आवाज बहुतेक गेलाय, उरलाय तो चेहरा. म्हणून पुस्तकवाले म्हणतात, आमची माया ही नव्हेच. मला दोन्ही आवडलं, पण कुणाला एकच करायचं असेल तर मी पुस्तक सुचवेन. कारण तिचं सतत बोलणं ऐकताना आपल्याला शंका येत राहते की ही आपल्यापासून काही लपवतेय का, आणि ती शंका शेवटपर्यंत पूर्ण जात नाही. आणि मालिका बघणारच असाल तर इंग्रजी डबिंग बंद करा. स्वीडिश ठेवा, खाली सबटायटल्स. डबिंगमध्ये सगळेच जण कॉल सेंटरमधून बोलल्यासारखे वाटतात.

शेवट. कोर्ट तिला निर्दोष सोडतं. यावरही दोन तट पडले. काहींना हायसं वाटलं. काहींना फसवल्यासारखं वाटलं, म्हणजे शेवटी एखादा धक्का असेल, ती हळूच हसेल, आपल्याला कळेल की तिनेच सगळं घडवलं होतं, अशी त्यांची अपेक्षा होती. थ्रिलरने आपल्याला ही सवय लावलीय. इथे कुणी हसत नाही. निर्दोष ठरलेली माया बाहेर येते, पण तिच्या बंदुकीतल्या गोळीने अमांडा मेलीय, हे कुठल्याही निकालाने पुसलं जाणार नाही. 'सुटली' म्हणजे काय, हे मालिका सांगत नाही.

या सगळ्या भांडणात आमच्या होस्टेलच्या जुन्या ग्रुपवर ती मैत्रीणही होती. तीच. लग्न झालंय, मुलगी आहे, मजेत आहे. आठवडाभर ती काही बोलली नाही. शेवटी मीच तिला वेगळा मेसेज केला, बघितलीस का म्हणून. म्हणाली, चौथ्या एपिसोडला बंद केली. मी म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, "मालिकेसाठी?" मी म्हटलं, नाही. बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग उत्तर आलं: "तू फोन कर ना संध्याकाळी. मुलगी झोपली की."

तुमच्या ओळखीत कुणी अशा नात्यात अडकलं असेल, किंवा तुम्हीच असाल, तर दोन नंबर इथे देऊन ठेवते. टेलिमानस, 14416, मानसिक आरोग्यासाठी, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. आणि महिलांसाठी 181. फोनमध्ये सेव्ह करा. मेसेज कुणी वाचेल अशी भीती असेल तर दुसऱ्याच कुठल्यातरी नावाने करा.